नोड.जेएस मॉड्यूल : व्हेरिएबलांची व्याप्ती

सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या एका फाइलीत घोषित केलेले व्हेरिएबल कोठपर्यंत दिसते आणि प्रोग्रॅम चालू असताना नव्या नावाचे व्हेरिएबल निर्माण करता येते का, यासंबंधीचे नियम.

इतिहास : रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड.जेएस सादर केले. त्यात कॉमनजेएस ही मॉड्यूलपद्धती रूढ झाली.

आवरण : ब्राउझरच्या साध्या स्क्रिप्टमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर ‘व्हार’ने घोषित केलेले नाव विंडो ऑब्जेक्टला जोडले जाते. नोडमध्ये ‘रिक्वायर’ने मागवलेली कॉमनजेएस फाइल आधी एका फंक्शनमध्ये गुंडाळली जाते. त्याचे पाच पॅरामीटर असे : एक्सपोर्ट्स, रिक्वायर, मॉड्यूल, फाइलनेम व डिरनेम (शेवटच्या दोहोंआधी दोन-दोन अंडरस्कोर). त्यामुळे फाइलीतील वरच्या पातळीचे नावही त्या फंक्शनपुरते स्थानिक राहते. ग्लोबल ऑब्जेक्टवर ते सापडत नाही. नोडच्या आरईपीएलमध्ये मात्र ‘व्हार’ने दिलेले नाव ग्लोबलवर जाते. म्हणून तेथे ग्लोबलवर नाव शोधणारा कोड फाइलीत हलवला की फसतो. व्हार, लेट, कॉन्स्ट यांपैकी काहीच न लिहिता नव्या नावाला मूल्य दिल्यास, स्ट्रिक्ट मोड नसेल तर, ते नाव ग्लोबल होऊन सर्व मॉड्यूलांना दिसू लागते.

आयत्या वेळची नावे : ‘दर१’, ‘दर२’ अशी नावे स्ट्रिंगमधून जुळवण्यासाठी ‘इव्हॅल’ वापरले जाते. थेट इव्हॅलमधील ‘व्हार’ भोवतालच्या फंक्शनमध्ये उतरते. स्ट्रिक्ट मोडमध्ये ते इव्हॅलच्या आतच संपते. लेट व कॉन्स्ट तर कधीच बाहेर येत नाहीत. ‘न्यू फंक्शन’ने बनवलेल्या फंक्शनला केवळ ग्लोबल नावे दिसतात, मॉड्यूलमधील ‘रिक्वायर’ही त्याला मिळत नाही. नोडचे ‘व्हीएम’ मॉड्यूल कोडला वेगळा ग्लोबल देते, परंतु ती सुरक्षाव्यवस्था नव्हे.

सामायिकता : मॉड्यूल सामान्यतः एका प्रोसेसमध्ये एकदाच चालते व कॅशमध्ये राहते. वरच्या पातळीवरील ‘चालूग्राहक’सारखे व्हेरिएबल त्या प्रोसेसकडे येणाऱ्या सर्व विनंत्यांत सामायिक असते, एकाची माहिती दुसऱ्याच्या उत्तरात जाण्याचा धोका त्यातूनच उद्भवतो.

ईएस मॉड्यूल : स्ट्रिक्ट मोड सक्तीचा, वरच्या पातळीवर ‘धिस’ अनडिफाइंड.

वापर : नाव आयत्या वेळी ठरणार असेल, तर ते ऑब्जेक्टची किंवा मॅपची की म्हणून साठवावे. की वापरकर्त्याकडून येत असल्यास मॅप अधिक सुरक्षित, कारण साध्या ऑब्जेक्टला प्रोटोटाइपमधून काही नावे आधीच मिळालेली असतात. वापरकर्त्याने पाठवलेला मजकूर इव्हॅलकडे कधीही देऊ नये.