साष्टीच्या विहिरी आणि साबणाचा फेस

विहिरीचे पाणी कसे आहे हे ठरविण्याची साष्टीतील जुन्या गृहिणींची कसोटी अगदी घरगुती होती: त्या पाण्यात तुरीची डाळ मेणासारखी शिजते की टणक राहते, आणि अंगाला लावलेला साबण फेसाळतो की नासलेल्या दुधासारखा फुटतो, एवढे पाहिले की निवाडा होत असे. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पोटात घेऊन आलेल्या या पाण्याला आपण जड म्हणतो; आणि मुलुंड, भांडुप, कांजूर, घाटकोपर या खाडीकडच्या गावांत, जेथे मिठागरांची हद्द शेतांच्या बांधांना येऊन भिडली होती, तेथे या जडपणात खारेपणाची भर पडून पाणी मचूळ होई.

साष्टी, म्हणजे आजची मुंबईची उपनगरे जेथे वसली आहेत ते बेट, 1774 साली मराठ्यांच्या अंमलातून इंग्रजांकडे गेले. पुढे 1854 च्या पाणीटंचाईने मुंबई शहर हवालदिल झाले, तेव्हा सरकारने साष्टीच्याच डोंगरांत पाणी अडविण्याची तजवीज केली. 1860 साली विहार आणि 1879 साली तुळशी असे दोन जलाशय सिद्ध झाले, आणि 1892 साली तानसा तलावाचे पाणी मुलुंड-घाटकोपरच्या शिवारांतून मोठमोठ्या नळांनी दक्षिणेकडे वाहू लागले. पावसाचे साठविलेले ते पाणी मऊ होते. पण ते जावयाचे होते शहराला, आणि ज्यांच्या बांधावरून नळ जात होते ती गावे मात्र दीर्घकाळ आपल्या विहिरींवर व रहाटांवरच अवलंबून राहिली, ही गोष्ट मला आजही सलते.

या जड पाण्याला जुन्या संसाराने शोधलेले उत्तर म्हणजे रिठे व शिकेकाई. माझ्या आजीच्या न्हाणीत, तांब्याच्या बंबाशेजारी, आदल्या रात्री फोडून बिया काढलेले रिठे पितळी गंजात भिजत पडलेले असत. सकाळी ती ते हाताने कुस्करी, तोच गडद तपकिरी पाण्यावर बारीक, दाट, पांढराशुभ्र फेस चढे, आणि त्याचा एक थेंब डोळ्यांत गेला की आम्ही मुले घर डोक्यावर घेत असू. ज्या विहिरीच्या पाण्यात विकतचा साबण हात टेकी, त्याच पाण्यात हा फेस कसा येतो, हे कोडे मला रसायनशास्त्राच्या पुस्तकाने फार उशिरा उलगडून दाखविले. साबण हा तेलातील आम्लांचा सोडियमक्षार. जड पाण्यातील चुना त्या आम्लांना गाठतो, दोहोंचा न विरघळणारा साका बनतो, आणि साका बनून उरलेल्या साबणालाच काय तो फेस येतो. रिठ्यातील फेसकारक द्रव्य निराळ्या घडणीचे. चुन्याशी त्याचे असे साटेलोटे जमत नाही, म्हणून ते निर्वेधपणे फेसाळते.

साबणाच्या वड्या घरोघर पोहोचल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर. गोदरेजांनी 1918 साली वनस्पतिजन्य तेलांचा 'चावी' साबण काढला, 1934 साली शिवडीस लिव्हर कंपनीचा कारखाना सुरू झाला. परंतु जड पाण्यात सर्वच तेले सारखी वागत नाहीत. खोबरेल तेलाचा साबण सहज विरघळतो, खाऱ्या पाण्यातही बराच फेस देतो. दर्यावर्दी लोकांसाठी पूर्वी जो खास साबण करीत त्याचा पाया हाच, आणि कोकणकिनाऱ्याच्या माणसाला हे तेल काही दुरून आणावे लागत नव्हते.

मग आले 1957 साल, आणि माझ्या मते उपनगरांच्या स्नानगृहाच्या इतिहासात याच्याइतके महत्त्वाचे दुसरे साल नाही. या वर्षी मुलुंड व बोरिवलीपलीकडे दहिसरपर्यंतची हद्द बृहन्मुंबईत सामील झाली. वैतरणेचे पाणीही याच सुमारास शहरास मिळू लागले. स्वस्तिक कंपनीने चुन्याला न जुमानणारी 'डेट' ही धुण्याची भुकटी बाजारात आणली. आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची स्थापनाही याच वर्षीची. या आयोगाची कचेरी पुढे विलेपार्ल्यास इर्ल्याला आली, आणि कडुनिंब, करंज अशा अखाद्य तेलांपासून साबण करण्याचा उद्योग त्याने आपल्या आश्रयाखाली घेतला. नळाचे पाणी मऊ, भुकटी स्वस्त. विहिरी बुजल्या, आणि रिठे दिवाळीच्या उटण्यापुरते उरले.

आज अंधेरी-बोरिवलीच्या उंच इमारतींत पिण्यास तलावाचे पाणी येते, पण पुष्कळ ठिकाणी न्हाणीच्या नळाला कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी असते, आणि त्याबरोबर तोच जुना साका बादलीच्या कडेला येऊन बसतो. त्यावर उपाय म्हणून काही गृहिणी फेसाच्या वड्या घरीच करू लागल्या आहेत. मी पाहिलेल्या वडीत खाण्याचा सोडा, मक्याचे पीठ, थोडे ग्लिसरीन, आणि खोबरेलापासून बनविलेली, सल्फोॲसिटेट जातीची फेसकारक भुकटी होती. ही भुकटीही रिठ्याप्रमाणेच चुन्याच्या तावडीत सापडत नाही. भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून ती बाई तोंडावर ओढणी बांधून पीठ मळत होती. सुकलेल्या वडीचा तुकडा तिने कूपनलिकेच्या पाण्याने अर्ध्या भरलेल्या शिशीत टाकून बूच लावले आणि शिशी जोराने हलविली. तसाच साध्या साबणाचा तुकडा दुसऱ्या शिशीत टाकला. पहिलीत बुचापर्यंत फेस उभा राहिला. दुसरीत पाणी गढूळ झाले, आणि वर करड्या कवड्या तरंगू लागल्या.