पहिला घास

परवा मोहाडीहून परतताना एका मामा तलावाच्या पाळीवर जरा टेकलो. आमचा भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. 1951 साली मालगुजारी गेली, पण तलाव राहिले आणि त्यांत जाळं टाकणारे ढिवरही.

पूर्वी मत्स्यबीज बहुतेक नदीतून गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. बीज तर मिळालं, पण जगवायचं कसं? जिरं दोन-तीन दिवस पोटाखालच्या बलकावर जगतं. मग तोंड उघडतं आणि तोंडात मावेल असा जीव समोर लागतो! म्हणून तळ्यात आधी मोहाची पेंड टाकतात. तिने नको असलेले मासे मरतात, पुढे तिचंच खत होतं. मग शेण. त्यावर प्लवंग वाढतात.

समुद्री माशांच्या पिल्लांचं तोंड तर आणखी लहान. जपानमध्ये 1960च्या दशकात त्यांना रोटिफर हा सूक्ष्म जीव खाऊ घालू लागले. पुढे तो स्वस्तात, बेकरीच्या यीस्टवर वाढवला, तर पिल्लं पोटभर खाऊनही मरू लागली! यीस्टमध्ये त्यांना लागणारी ओमेगा-3 मेदाम्लं नव्हती. शेवटी ती आधी रोटिफरलाच खाऊ घातली.

तलावात किती बोटुकली सोडली, हे आपण मोजतो. तिने पहिल्या आठवड्यात काय खाल्लं, हे कोण विचारतं? ढिवरांची वर्षभराची कमाई मात्र त्यावरच उभी असते.

असो.