काळ्या फत्तराखालची नदी

हिवाळा आहे, पाणी उतरलंय, आणि तुम्ही घमेलं घेऊन नांदेडच्या घाटाखाली गोदावरीत उभे आहात. तळाची वाळू घमेल्यात घेता, पाण्याखाली गोल हलवता, हलकी वाळू काठावरून सोडून देता. शेवटी तळाशी काळ्या रेतीची बारीक कोर उरते. वाळवून चुंबक फिरवलं की तिच्यातले बरेच कण त्याला येऊन चिकटतात. सोनं शोधणारे लोक जगभर या काळ्या रेतीवर डोळा ठेवून असतात, कारण पाणी जिथे एक जड कण टाकतं तिथेच दुसराही टाकतं. वाळूपेक्षा सोनं सातपटीहून जड आहे. पाण्यात बुडाल्यावर, पाण्याची उचल वजा केली, तर हा फरक अकरा पटींवर जातो. घमेल्याची सगळी विद्या या फरकावर चालते.

पण इथली काळी रेती तुम्हाला फसवते आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून इथपर्यंत गोदावरी काळ्या फत्तरावरून, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्यावरून येते. प्रवरा, सिंदफणा, दुधना, पूर्णा, सगळ्या त्याच फत्तराच्या लेकी. त्यात लोहखनिजाचे कण भरपूर आहेत, सोन्याच्या शिरा नाहीत. वाळूत दिसणाऱ्या पांढऱ्या गारगोट्याही तशाच फसव्या. त्या लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत वाढल्या. सोनं धरून ठेवणाऱ्या स्फटिकाच्या शिरांशी त्यांचं नातं नाही. नदीत जागा शोधण्याआधी नदीचं माहेर शोधावं लागतं, आणि ते माहेर पाहायला तुम्हाला या फत्तराच्या आधी जावं लागेल.

त्यासाठी तेरणेच्या काठाने लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला या आणि काळ मागे फिरू द्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, भूकंप. माणसं झोपेत आहेत, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती त्यांच्यावर कोसळताहेत. ही पहाट ओलांडताना कोणाचेच पाय सहज उचलत नाहीत. जमीन का हलली हे समजून घ्यायला इथे नंतर ६१७ मीटर खोल भोक पाडलं गेलं. वरचे ३३८ मीटर फत्तर निघाला. त्याखाली फक्त ८ मीटर जुना गाळ, आणि गाळाखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटच्या जातीचा पाषाण. लातूरच्या विहिरी, शेतं, गढ्या ज्या दगडावर उभ्या आहेत, त्याच्या खाली एक वेगळीच भूमी झाकलेली आहे.

त्या ८ मीटरवर तुम्हाला उतरायचंय. साडेसहा कोटींहून जास्त वर्षांमागे जा. लाव्ह्याचे थर एकेक करून उचलले जातात आणि तुम्ही करड्या खडकाच्या उघड्या माळावर येता. हा भूभाग अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. या काळातले महाकाय डायनासोर पानं खातात आणि थोडं गवतही. चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला त्यांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे अंश सापडलेत. समोर एक ओढा वाहतोय अशी कल्पना करा. आता हातात घमेलं आहे, आणि खालचा खडक फत्तर नाही.

आज वाहणारी धार पाहू नका, पुराची रेघ पाहा. सोनं पुरातच हलतं आणि पुराचा जोर जिथे मोडतो तिथे बसतं. वळणावर बाहेरचा काठ कापला जातो. आतल्या बाजूला गोट्यांचा उंचवटा साचतो. त्या उंचवट्याचं वरच्या अंगाचं टोक पाहा, जाड कण आधी तिथेच पडतात. धारेतल्या मोठ्या धोंड्याच्या मागे, जिथे पाणी घुटमळतं, तिथे पाहा. खळखळाट संपून डोह सुरू होतो ती जागा पाहा. वरवरची वाळू बाजूला सारा, तळाच्या खडकापर्यंत जा, आणि धारेला आडव्या गेलेल्या भेगा टोकदार सळईने कोरून काढा. वाटेत चिकणमातीचा घट्ट थर लागला तर त्याच्या पाठीवरचे गोटेही धुऊन बघा. कण तिथेही अडकतात. पात्रापासून उंचावर जुन्या गोट्यांचा पट्टा दिसला तर तोही सोडू नका, नदी कधीकाळी त्या उंचीवरून वाहत होती.

एखादा पिवळा कण दिसला तर तो बोटावर घ्या. चपटा, गुळगुळीत असेल तर लांबून आलाय. कोन शिल्लक असतील तर शीर जवळ आहे. मग प्रत्येक संगमावर दोन्ही फाटे वेगवेगळे धुवायचे, ज्यात कण येतात तो धरायचा, आणि कण येणं थांबेपर्यंत वर जायचं. मला या कामातला हा भाग सगळ्यात देखणा वाटतो.

फत्तराखालचा हा ग्रॅनाइटी पाषाण दक्षिणेतल्या धारवाडी भूमीचा सोयरा आहे. काळात पुढे या आणि लातूरहून सुमारे अडीचशे किलोमीटर दक्षिणेला, कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीवर पोहोचा. दोन हजार वर्षांपूर्वीच माणसं इथे सोन्यासाठी खोल उतरत होती. जवळच मस्कीला १९१५ मध्ये अशोकाचं नाव असलेला शिलालेख सापडला, तोही सोन्याच्या खाणीतल्या बीडन नावाच्या एका अभियंत्याला. १९५६ पर्यंत हट्टी, नांदेड आणि लातूर एकाच हैदराबाद राज्यात होते. पण हट्टीचं सोनं निव्वळ ग्रॅनाइटमध्ये नाही. ग्रॅनाइटच्या मध्ये अडकलेल्या जुन्या हिरवट खडकांचा एक पट्टा आहे, त्यातल्या स्फटिकाच्या शिरांत ते आहे.

हे लक्षात ठेवून आजच्या देगलूर-बिलोलीकडे या. इथे फत्तराची चादर विरते आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. लेंडी, मन्याड, मांजरा इथून जातात. ग्रॅनाइट दिसला म्हणून घमेलं बाहेर काढू नका. हिरवट, पापुद्रे सुटणारा खडक आणि त्यातून गेलेली पांढरी शीर ओढ्याने कुठे कापली आहे का, ते आधी पायी फिरून शोधा. भंडारा-गोंदियाकडचे सोनझरी लोक वैनगंगेच्या खोऱ्यात सोन्यासाठी वाळू धुवायचे, कारण तिकडच्या डोंगरांत असे जुने खडक आहेत.

आणि सोन्याचा कण खरोखर पाहायचाच असेल तर एखाद्या शहराच्या सराफ लाइनीत जा. पहाटे झारेकरी दुकानांपुढची धूळ झाडून घेतात, गटाराचा गाळ उपसतात. सोनाराच्या कानशीतून उडालेला कीस त्यात असतो. त्यांचा हात कुठे थांबतो ते नीट पाहा: गटाराच्या उतारावर नाही, तर फरशीच्या सांध्यात, वळणाच्या आतल्या अंगाला, उतार मंदावतो तिथे. पाण्याचा कायदा तोच आहे. धुतल्यावर ते आधी चुंबकाने लोखंडाचा कीस काढतात, मग पारा टाकून सोन्याचे कण एकत्र धरतात आणि पारा तापवून उडवतात. त्याची वाफ विषारी असते, आणि हे काम बहुतेकदा राहत्या खोलीत, मुलांच्या शेजारी होतं. बंद भांड्यातून वाफ नळीने नेऊन थंड केली की पारा परत मिळतो, फुफ्फुसात जात नाही. हे साधन साधं आहे, स्वस्तात बनतं, आणि या गल्ल्यांमध्ये ते सगळ्यात आधी पोहोचायला हवं.