कॉलेजला वळसा

आरंभीच एक खुलासा करावयास हवा. ह्या लेखात ज्याला फुटबॉल म्हटले आहे, तो आपल्या मुंबईच्या कूपरेज मैदानावर पायांनी खेळतात तो खेळ नव्हे. अमेरिकन माणूस ज्याला फुटबॉल म्हणतो त्यात पायाचे काम बेताचेच. दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट चेंडू छातीशी कवटाळून पळावयाचे, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकावयाचा, आणि समोरच्या अकरा जणांनी त्या पळणाऱ्याच्या अंगावर झेप टाकून त्याला जमिनीवर आडवा करावयाचा, असा एकूण प्रकार. आपला हुतूतू जर शिरस्त्राण आणि खांद्यावर गाद्या चढवून खेळला, तर त्याची थोडीशी कल्पना येईल.

मैदानातले मला फार कळते असा माझा दावा नाही. परंतु ह्या खेळाच्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मुले वाढविणाऱ्या कोणालाही आपला वाटावा असा आहे. अठरा वर्षांचा एक पोरगा. अंगात विलक्षण कसब, पण पुस्तकात जीव रमत नाही. घरची परिस्थिती ओढगस्तीची. त्याने आपल्या कसबाचे मोल कोठे मागावे? अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या पोराला ह्याचे उत्तर फार पूर्वीच मिळाले. १९२० नंतरच्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स ह्या संघाच्या ब्रँच रिकी नामक कारभाऱ्याने धाकटे संघ विकत घेऊन त्यांची रीतसर रोपवाटिकाच उभी केली. शाळा सुटलेला मुलगा तेथे तुटपुंज्या का होईना, पगारावर शिकू लागे. फुटबॉलच्या पोराला मात्र एकच दार होते, ते कॉलेजचे. आणि आत येणाऱ्याने पगार मागू नये, अशी त्या दारावर पाटी होती.

हे असे का झाले, ह्याचे मूळ खेळाच्या जन्मातच आहे. हा खेळ गल्लीत किंवा गिरणीच्या आवारात जन्मला नाही. तो जन्मला विद्यापीठांत. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या दोन कॉलेजांमध्ये पहिला सामना झाला. एकेका बाजूला पंचवीस-पंचवीस गडी होते आणि रटगर्सने सहा विरुद्ध चार असा तो जिंकला. पुढे येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँपने त्याचे नियम बसविले. खेळ इतका रानटी, की १९०५ साली मृत्यूंच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरू लागली, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्या गदारोळातून १९०६ साली कॉलेजांची एक नियामक संस्था निघाली. तिलाच १९१० पासून एनसीएए म्हणतात. खेळाडू हा हौशी असावा, त्याने खेळासाठी पैसा घेऊ नये, हे तिचे ब्रीद.

धंदेवाईक फुटबॉल मागाहून आला, आणि आला तो चोरपावलांनी. १८९२ साली येलचा एके काळचा गाजलेला गडी पज हेफेलफिंगर ह्याला पिट्सबर्गमधल्या एका क्लबाने एका सामन्यासाठी पाचशे डॉलर दिले. त्या खर्चाची नोंद असलेला कागद आज ओहायोतील कँटन येथल्या संग्रहालयात आहे. त्याच कँटनमध्ये १९२० साली एका मोटारविक्याच्या दुकानात बसून काही संघचालकांनी धंदेवाईक लीग स्थापन केली. दोन वर्षांनी तिचे नाव नॅशनल फुटबॉल लीग झाले. त्या काळी कॉलेजातली पोरे टोपणनावे घेऊन धंदेवाईक संघातून खेळत. ग्रीन बे येथल्या संघाने असे केल्याचे उघडकीस आले, तेव्हा १९२२ च्या आरंभी त्याला लीगमधून काही काळ बाहेर पडावे लागले.

मग आला रेड ग्रेंज. इलिनॉयच्या व्हीटन गावचा, उन्हाळ्यात घरोघर बर्फाच्या लाद्या पोचविणारा हा पोरगा पळू लागला, की समोरच्याच्या हाती वारासुद्धा लागत नसे. २१ नोव्हेंबर १९२५ रोजी तो विद्यापीठाकडून शेवटचा सामना खेळला आणि पाचच दिवसांनी शिकागो बेअर्सच्या पोशाखात मैदानात उतरला. पदवी राहिली बाजूलाच! त्याला पाहण्यासाठी छत्तीस हजारांची गर्दी लोटली. कॉलेजांचे चालक भडकले: आमची पोरे वर्गातून उचलून नेता काय? धंदेवाईक लीग तेव्हा दुबळी होती. कॉलेजांचा रोष तिला परवडणारा नव्हता. तिने १९२६ साली नियम केला, की मुलाच्या वर्गाची पदवीची वेळ होईपर्यंत त्याला कोणी संघात घ्यावयाचे नाही.

माझ्या मते ह्या साऱ्या कथेचे बिऱ्हाड ह्या एका नियमावर बसले आहे. भीतीपोटी केलेला हा करार पुढे दोघांनाही इतका मानवला, की तो मोडावा असे कोणालाच वाटेना. कॉलेजांना फुकटात गडी मिळाले. लीगला कसलाही खर्च न करता चार वर्षे तयार केलेले, वर्तमानपत्रांतून नावारूपाला आलेले गडी आयते मिळू लागले. तालीम दुसऱ्याची, खुराक दुसऱ्याचा आणि गदा आपली! अशा व्यवहारात रोपवाटिकेवर खर्च करण्याचा खटाटोप कोण करील? ह्या करारात पोराचे मत मात्र कोणी विचारले नव्हते.

त्याची किंमत काय असते, हे कोलोरॅडोत दिसले. रे डेनिसन हा फोर्ट लुईस कॉलेजचा गडी १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने, कामावर मेलेल्या मजुराच्या कुटुंबाला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज हे काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, सबब मुलगा नोकर नव्हे, असा निवाडा झाला. ह्याच सुमारास एनसीएएने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द प्रचारात आणला आणि तो सर्वत्र वापरण्याची सक्ती केली. नोकर म्हटले की भरपाई आली. विद्यार्थी म्हटले की सुटका. १९५१ पासून १९८७ पर्यंत संस्थेचा गाडा हाकणाऱ्या वॉल्टर बायर्स ह्यांनीच निवृत्तीनंतर १९९५ साली पुस्तक लिहून ही हकीगत सांगितली आणि आपण उभारलेल्या व्यवस्थेवरच कोरडे ओढले. असे कारभारी विरळाच.

वळसा घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९८३ साली निघालेल्या यूएसएफएल ह्या प्रतिस्पर्धी लीगने जॉर्जिया विद्यापीठाच्या हर्शेल वॉकरला कॉलेज पुरे होण्याआधीच उचलले. ती लीग तीन हंगामांत आटोपली. तिने मोठ्या लीगवर मक्तेदारीचा दावा लावला. १९८६ साली ज्यूरीने दावा मान्य केला, पण नुकसानभरपाई ठरविली एक डॉलर! कायद्याप्रमाणे तिप्पट करून ती तीन डॉलर झाली. १९९० साली मोठ्या लीगने आपले दार थोडे किलकिले केले आणि शाळा सोडून तीन हंगाम उलटलेल्यांना प्रवेश दिला. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने जानेवारी २००३ मध्ये कॉलेजला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारी अखेरची धाव घेतली होती. पुढच्या हंगामात कॉलेजने त्याला बाहेर बसविले, तेव्हा तो ह्या तीन वर्षांच्या नियमाविरुद्ध न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये तो जिंकला आणि मे महिन्यात अपिलात हरला. हा नियम लीग आणि खेळाडूंची युनियन ह्यांच्या संबंधांतला आहे, बाहेरच्याला तो मोडता येणार नाही, असा निकाल न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर ह्यांनी लिहिला. ज्या युनियनचा तो सभासदही नव्हता, तिच्या व्यवहाराने त्याचे हात बांधले गेले. नियमाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की अठरा वर्षांचे हाड तिशीच्या गड्याचा धक्का सोसणार नाही. म्हणणे अगदीच पोकळ नाही. मग त्याच्याच वयाच्या, त्याच्याच ताकदीच्या मुलांची वेगळी पगारी लीग का नको?

नेमकी हीच कल्पना २०१७ साली डॉन यी ह्यांनी मांडली. टॉम ब्रेडी ह्या नामांकित खेळाडूचे हे वकील-प्रतिनिधी. पॅसिफिक प्रो असे त्या लीगचे नाव. दक्षिण कॅलिफोर्नियात चार संघ, शाळा सोडून चार वर्षे न झालेली मुले, वर्षाकाठी सरासरी पन्नास हजार डॉलर वेतन, आणि ज्याला शिकावयाचे त्याला शिक्षणाची सोय. कागदावर योजना देखणी होती. पहिला हंगाम २०१८ च्या उन्हाळ्यात व्हावयाचा होता. तो कधीच झाला नाही. कॉलेज संपलेल्यांसाठी २०१९ च्या फेब्रुवारीत आठ संघांची दुसरी एक लीग सुरू झाली. तिचा बाजार एप्रिलच्या दुसऱ्या तारखेला उठला.

ह्या अपयशाचे कारण केवळ भांडवलात शोधणे मला पटत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर लाखावर माणसे बसतात. ती कोणा एका पोराला पाहावयास येत नाहीत. ती येतात बापाने घातला त्या रंगाचा सदरा घालून, आपले गाव, आपले तारुण्य पाहावयास. तीच मुले उद्या नव्या नावाच्या संघातून तितकीच छान खेळली, तरी हा जिव्हाळा त्यांच्या मागोमाग येत नाही. आपल्या पुण्याचेही नाव ह्या इतिहासाच्या समासात आहे. २०१२ साली भारतासाठी म्हणून काढलेल्या अशाच एका लीगमध्ये पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ होते, सामने झाले श्रीलंकेत, आणि पहिले विजेतेपद पुण्याने मिळविले. पण पुण्यातल्या किती घरांत ह्या विजयाची बातमी पोचली असेल?

अखेर वळसा घालण्याची गरजच कमी झाली, कारण पैसा कॉलेजच्या आतच शिरला. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या बंधनांवर ताशेरे ओढले. जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ रोजी एका मोठ्या दाव्याची तडजोड मंजूर झाली. तिच्यामुळे पहिल्या वर्षी एकेका कॉलेजला आपल्या खेळाडूंना मिळून सुमारे दोन कोटी पाच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम थेट वाटता येऊ लागली. तीन वर्षांचा नियम त्यानंतरही जागचा हलला नाही. गंमत अशी, की मुदत भरताच कॉलेजबाहेर उडी घेणाऱ्या पोरांची संख्या ह्या काळात बरीच घटली. पूर्वी जी पोरे वर्गातून कधी एकदा सुटतो म्हणत, ती आता आणखी एक वर्ष राहता येईल का, म्हणून अर्ज करू लागली.