मसावा ते खडकी : तांबड्या समुद्रावरील बंदर आणि दख्खनमधील हबशी

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे समुद्रापासून दूर वसलेले शहर आहे. त्याचा इतिहास साधारणतः दौलताबाद, अहमदनगर व दिल्ली येथील सत्तांच्या संदर्भात मांडला जातो. तथापि १६१० मध्ये खडकी येथे या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर हा आफ्रिकेतील अबिसीनियात जन्मलेला होता. त्या प्रदेशाचे एक प्रमुख बंदर मसावा व दख्खन यांच्या संबंधाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मसावा : दोन प्रकारचा व्यापार

आजच्या एरिट्रियातील मसावा हे बेटावर वसलेले शहर असून तेथील जुन्या इमारती प्रवाळाच्या दगडांत बांधलेल्या आहेत. १५५७ मध्ये ते ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेले. जवळच्या दहलक द्वीपसमूहात प्रवाळ, समुद्री कासवे व समुद्रगायी आढळतात. तेथील मोतीही पूर्वापार प्रसिद्ध होते. या समुद्रजीवनाचे आकर्षण प्रवाशांना आजही आहे. परंतु हस्तिदंत व मोती जेथून निर्यात होत, त्याच बंदरातून अंतर्भागात पकडलेली माणसेही गुलाम म्हणून अरबस्तानात नेली जात. दक्षिणेकडील झैला बंदरही याच व्यापारात सामील होते. पुढे मोसमी वाऱ्यांच्या आधारे गलबते चौल व दाभोळ या बंदरांस येत आणि तेथून घाटमार्गाने माणसे व माल दख्खनच्या राजधान्यांत पोहोचे.

नावांची साक्ष

गुलामांना मौल्यवान वस्तूंची नावे देण्याचा प्रघात होता. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. १६५७ मध्ये औरंगजेबाविरुद्ध बीदरचा किल्ला लढविणाऱ्या सिद्दी मर्जानच्या नावाचा अर्थ पोवळे असा होतो. ‘अंबर’ हा शब्दही आकाशवाचक संस्कृत शब्द नव्हे. देवमाशाच्या आतड्यात तयार होणाऱ्या सुगंधी द्रव्याचे ते अरबी नाव आहे. समुद्रातून मिळणारा माल व विकला जाणारा माणूस या दोहोंस बाजारात एकच शब्द लावला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

खडकीची उभारणी

१६१७ मध्ये मलिक अंबरला भेटलेल्या पीटर व्हॅन डेन ब्रोक या डच व्यापाऱ्याने तो मोखा येथे २० डुकॅटांस विकला गेल्याचे नमूद केले आहे. पुढे निजामशाहीचा वजीर चंगीझखान याने त्यास विकत घेतले. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर मुक्त झालेला हाच गुलाम कालांतराने निजामशाहीचा सूत्रधार बनला. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली, तरी शहर पुन्हा उभे राहिले; नहर-ए-अंबरीने त्यास पाणी पुरविले. १६२४ मध्ये भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची कबर खुलताबाद येथे आहे.

निष्कर्ष

मसाव्यात प्रवाळ दाखविले जाते आणि संभाजीनगरात दरवाजे व नहर; या दोहोंना जोडणारा माणसांचा सक्तीचा प्रवास मात्र दोन्हीकडे दुर्लक्षित राहतो. खडकीच्या संस्थापकाचे कर्तृत्व सांगताना त्याची विक्री ज्या व्यापारात झाली, त्याचाही अभ्यास व्हावयास हवा. त्याशिवाय शहराचा प्रारंभ १६१० मध्येच झाला असा अपुरा समज कायम राहील. मराठवाड्याचा इतिहास हिंदी महासागराच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही, हेच यावरून स्पष्ट होते.