बेसबॉल सरावाची बेटे : कॅटॅलिना ते हवाना

अमेरिकेतील बेसबॉल संघ हंगामापूर्वी उबदार प्रदेशात सराव शिबिर भरवितात. काही संघांनी त्यासाठी बेटेही निवडली. शिकागो कब्ज संघ १९२१ ते १९५१ या काळात, महायुद्धाची वर्षे वगळता, कॅलिफोर्नियाजवळील कॅटॅलिना बेटावर सराव करीत असे. च्युइंगगमचे उद्योगपती विल्यम रिग्ली यांच्याकडे बेटही होते आणि संघही. त्यामुळे बेटाची जाहिरात आपसूकच होई. १९३७ मध्ये या शिबिरासाठी आलेले नभोवाणी समालोचक रोनाल्ड रेगन यांनी त्याच दौऱ्यात हॉलिवूडमध्ये चित्रपटासाठी चाचणी दिली.

हवानाची कथा निराळी आहे. १९४६ मध्ये फ्लोरिडातील वर्णभेदामुळे जॅकी रॉबिन्सन यांना सँफर्ड शहर सोडावे लागले होते. म्हणून ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी पुढील वर्षीचे शिबिर क्युबात नेले. तेथेही रॉबिन्सन, रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम यांना गोऱ्या खेळाडूंपासून वेगळे, साध्या हॉटेलात ठेवण्यात आले. हा निर्णय क्युबाचा नव्हता, खुद्द रिकी यांचा होता. संघात वाद उद्भवू नये, ही त्यांची सबब. रॉबिन्सन अर्थातच संतापले. त्याच दौऱ्यात त्यांना पहिल्या बेसची अपरिचित जागा शिकावी लागली आणि १५ एप्रिल १९४७ रोजी त्याच जागेवर ते डॉजर्सकडून प्रथम खेळले.