बोजोले नूव्हो

बोजोले नूव्हो ही फ्रान्सच्या बोजोले प्रदेशात गामे जातीच्या काळ्या द्राक्षांपासून तयार होणारी ताजी, हलकी वाइन आहे. द्राक्षांची तोडणी झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांत ती बाजारात येते. फ्रेंच कायद्यानुसार दरवर्षी नोव्हेंबर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी मध्यरात्रीनंतरच तिची विक्री सुरू करता येते. ‘नूव्हो’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘नवीन’ असा आहे. साठवून मुरवण्यासाठी नव्हे, तर त्याच हंगामात पिण्यासाठी ही वाइन केली जाते. इटलीत याच धर्तीवर तयार होणाऱ्या वाइनला ‘व्हिनो नोव्हेल्लो’ म्हणतात.

प्रदेश आणि द्राक्ष

बोजोले हा ल्यों शहराच्या उत्तरेस, सोन नदीच्या पश्चिमेकडील टेकड्यांवर पसरलेला प्रदेश आहे. बोझ्यू या गावावरून त्याला हे नाव मिळाले. प्रदेशाच्या उत्तर भागात ग्रॅनाइटयुक्त जमीन असून दक्षिण भागात चिकणमाती व चुनखडीचे प्रमाण अधिक आहे.

गामे ही द्राक्षाची जात लवकर पिकणारी व भरपूर उत्पन्न देणारी आहे. १३९५ मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने ही जात हलक्या प्रतीची ठरवून आपल्या राज्यातून उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. बोजोलेच्या ग्रॅनाइटयुक्त उतारांवर मात्र ती चांगली रुजली आणि या प्रदेशाची ओळख बनली.

बोजोलेतील सर्वच वाइन ‘नूव्हो’ नसते. मोर्गों, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ यांसह दहा ठिकाणांच्या वाइनना ‘क्रू’ हा वरचा दर्जा असून त्या नूव्हो म्हणून विकता येत नाहीत. त्यांपैकी काही अनेक वर्षे मुरवता येतात. नूव्हो फक्त ‘बोजोले’ आणि ‘बोजोले-व्हिलाज’ या दोन नामांकनांखाली तयार होते.

इतिहास

हंगाम संपताना त्याच वर्षीची वाइन चाखण्याची प्रथा या प्रदेशात जुनी आहे. ही कोवळी वाइन पिंपांतून ल्योंच्या खानावळींत पोहोचत असे. ल्यों शहराला रोन, सोन आणि बोजोले अशा तीन नद्या आहेत, अशी एक विनोदी उक्ती फ्रान्समध्ये प्रचलित आहे.

बोजोलेला १९३७ मध्ये संरक्षित नामांकन मिळाले. पुढे नामांकित वाइन १५ डिसेंबरपूर्वी विकण्यास मनाई असल्याने उत्पादकांची अडचण होऊ लागली. त्यांच्या मागणीवरून १३ नोव्हेंबर १९५१ रोजी निघालेल्या शासकीय सूचनेने ठरावीक वाइन लवकर विकण्याची मुभा दिली. हा दिवस बोजोले नूव्होचा अधिकृत आरंभ मानला जातो. १९६७ मध्ये विक्रीचा दिवस १५ नोव्हेंबर असा निश्चित करण्यात आला. परंतु ही तारीख कधी रविवारी, कधी सुट्टीला लागून येत असे. म्हणून १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार ठरवण्यात आला. त्यामुळे विक्रीचा पहिला दिवस १५ ते २१ नोव्हेंबर या काळात येतो.

या वाइनला जगभर नेण्याचे मोठे श्रेय झॉर्झ द्युबफ (१९३३–२०२०) या व्यापाऱ्यास दिले जाते. ‘बोजोले नूव्हो आली आहे’ अशा अर्थाचे फ्रेंच घोषवाक्य पॅरिसच्या उपाहारगृहांच्या दारांवर झळकू लागले. पहिल्या बाटल्या पॅरिस व लंडनला कोण आधी पोहोचवतो, याच्या शर्यती लागू लागल्या. बोझ्यू येथे या रात्री उत्सव भरतो आणि मध्यरात्री नव्या वाइनची पिंपे उघडली जातात.

निर्मितीप्रक्रिया

साधारणतः लाल वाइन करताना द्राक्षे चिरडून रस सालींसह आंबवतात. नूव्होसाठी मात्र अखंड घोस बंद टाकीत भरले जातात. त्यासाठी द्राक्षांची तोडणी हाताने करावी लागते. टाकीच्या तळाची द्राक्षे वरच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबू लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू टाकीभर पसरतो. काही उत्पादक हा वायू बाहेरूनही सोडतात. प्राणवायूच्या अभावी न फुटलेल्या द्राक्षांच्या आतच विकरांमुळे किण्वनाचा पहिला टप्पा सुरू होतो. या पद्धतीस ‘कार्बोनिक मॅसरेशन’ असे नाव आहे.

नूव्होसाठी हा टप्पा चार-पाच दिवसांतच आटोपला जातो. नंतर द्राक्षे दाबून रस काढतात व उरलेले किण्वन पूर्ण होऊ देतात. सालींशी रसाचा संपर्क थोडाच काळ राहिल्याने रंग उतरतो, पण तुरटपणा देणारे टॅनिन फारसे उतरत नाही. केळे, स्ट्रॉबेरी, रासबेरी यांची आठवण करून देणारा गंध हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

आस्वाद आणि खाद्यपदार्थ

ही वाइन लाल असूनही किंचित थंड, साधारण १० ते १३ अंश सेल्सियस तापमानाला देतात. अधिक उबदार झाल्यास तिचा ताजेपणा हरवतो. बहुतेक बाटल्या पुढच्या वसंत ऋतूपर्यंत संपवणे इष्ट मानले जाते.

कमी टॅनिन आणि ठळक आंबटपणा हे दोन गुण तिच्या खाद्यसंगतीचा पाया आहेत. आंबटपणामुळे स्निग्ध पदार्थाचा जडपणा कमी जाणवतो. टॅनिन कमी असल्याने मऊ, सौम्य पदार्थांची चव झाकली जात नाही. ल्योंच्या ‘बूशों’ नावाच्या खानावळींत ती ४६ सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या ‘पो’ या बाटलीतून दिली जाते. सोबत ‘रोझेत’ हे वाळवलेले सॉसेज, उकडलेल्या बटाट्यांसह गरम सॉसेज, भाजलेली कोंबडी किंवा सँ-मार्सेलँ हे मऊ चीज असते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण येतो. नूव्हो त्याच्या आठवडाभर आधी बाजारात येत असल्याने टर्कीच्या जेवणासोबत ती देण्याची पद्धत तेथे रुळली.

मसालेदार जेवणासोबतही टॅनिनयुक्त वाइनपेक्षा ही वाइन सुसह्य ठरते, कारण टॅनिन व तिखट एकत्र आल्यास जिभेची आग वाढते. गोड पदार्थांबरोबर मात्र ती अधिकच आंबट लागते.

इटलीतील व्हिनो नोव्हेल्लो

इटलीत नोव्हेल्लोची व्यावसायिक निर्मिती १९७० च्या दशकात रुजली. सध्याच्या नियमांनुसार ती ३० ऑक्टोबरपासून, म्हणजे नूव्होच्या काही आठवडे आधी विकता येते. तिच्यातील किमान ४० टक्के वाइन कार्बोनिक मॅसरेशनने केलेली असावी लागते. फ्रान्सप्रमाणे तेथे एकाच जातीच्या द्राक्षाचे बंधन नाही. त्यामुळे वेगवेगळ्या प्रांतांतील नोव्हेल्लोच्या चवींत बराच फरक असतो. ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या दिवशी नवी वाइन चाखण्याची लोकपरंपरा इटलीत आहे. या दिवसांत भाजलेले चेस्टनट आणि नोव्हेल्लो ही जोडी सर्वत्र आढळते.

जपानमधील लोकप्रियता

जपानमधील घड्याळ नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या आठ तास पुढे असते. त्यामुळे नूव्हो तेथे फ्रान्सच्याही आधी उघडली जाते. त्यासाठी बाटल्या विमानाने आगाऊ रवाना होतात. जपान हा या वाइनचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक राहिला आहे. २००४ च्या सुमारास तेथील मागणी शिखरावर होती. त्यानंतर ती उतरत गेली.

टीका आणि परिणाम

काढणीनंतर लगेच पैसा हाती येत असल्याने नूव्हो हा लहान शेतकऱ्यांचा मोठा आधार ठरला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रदेशातील जवळपास निम्मी वाइन नूव्हो म्हणून विकली जात होती. मात्र मागणी भागवण्यासाठी भरमसाट उत्पन्न घेणे, रसात साखर मिसळणे आणि ठरावीक यीस्ट वापरून गंध घडवणे या प्रकारांवर टीका होऊ लागली. २००१ च्या हंगामातील मोठा साठा न खपल्याने मद्यार्क काढण्यासाठी पाठवावा लागला. २००२ मध्ये ल्योंमधील एका नियतकालिकाने एका समीक्षकाचे अतिशय कठोर मत छापल्यावर उत्पादकांनी दावा दाखल केला. २००३ मध्ये निकाल नियतकालिकाच्या विरोधात गेला, परंतु २००५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो फिरवला.

नूव्होच्या प्रसिद्धीचा फटका क्रू वाइननाही बसला. बोजोले म्हणजे केवळ स्वस्त व हंगामी वाइन, अशी समजूत पसरल्याने त्यांना योग्य भाव मिळणे कठीण झाले. प्रदेशातील अनेक मळे उपटले गेले.

दुसरीकडे, रसायनतज्ज्ञ व उत्पादक झ्यूल शोव्हे (१९०७–१९८९) यांच्या विचारांनी प्रभावित झालेल्या मोर्गों परिसरातील काही उत्पादकांनी द्राक्षांवरील नैसर्गिक यीस्ट आणि गंधकाचा किमान वापर यांवर भर दिला. ही वाट पुढे ‘नैसर्गिक वाइन’ या चळवळीचा एक उगम ठरली. आज असे काही उत्पादक क्रू वाइनसोबतच काळजीपूर्वक केलेली नूव्होही बाजारात आणतात.